लिंकस्पीड आणि नेटचा स्पीड वेगळे

कोणी म्हणतं की नेटवर्क कार्डाचा वेग दाखवणाऱ्या स्क्रिप्टने 100 एमबीपीएस दाखवलं, म्हणजे नेटवाल्याने प्लॅन कमी केला. तसं नाही. पॉवरशेलची (विंडोजमध्ये कमांड आणि स्क्रिप्ट चालवायचं साधन) 'गेट-नेटअ‍ॅडॅप्टर' ही कमांड जो लिंकस्पीड देते, तो आपलं कार्ड आणि समोरचा स्विच (केबलने मशीन एकमेकांना जोडणारा डबा) किंवा राउटर यांच्यात ठरलेला वेग असतो. बाहेरच्या लाइनसाठी स्पीड टेस्टच करावी लागते.

पण हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा मुळीच नाही. महाप्याच्या आमच्या ऑफिसात सगळी कार्डं गिगाबिटची (म्हणजे 1 जीबीपीएसची), स्विचही. तरी अकाउंट्सचं एक मशीन 100 वरच अडकलेलं. ड्रायव्हर बदलला, स्विचचा पोर्ट बदलला, फरक शून्य. शेवटी केबलचा प्लग उजेडात धरून पाहिला, तर आतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी तपकिरी जोडीतली एक तार टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात. म्हणून कनेक्शन तुटत नाही, नुसतं खाली येतं आणि कोणाला कळतही नाही. नवा प्लग क्रिंप केला (दाबून बसवला), लगेच 1 जीबीपीएस.

आणि हो, स्क्रिप्टमध्ये तुलना करायची असेल तर 'लिंकस्पीड' घेऊ नका, तो मजकूर असतो. 'स्पीड' घ्या, त्यात सेकंदाला किती बिट्स हा सरळ आकडा मिळतो.