मोरोविंड अजूनही सगळ्यात भारी, पटत नसेल तर भांडा

रात्रपाळी
परवा स्कायरिमवर बोलणं चाललं होतं, मी म्हटलं मोरोविंड त्याच्यापेक्षा भारी, तर सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, म्हणून हा धागा. मोरोविंड हा गेम २००२ चा, बेथेस्डा कंपनीचा, एल्डर स्क्रोल्स मालिकेतला तिसरा; स्कायरिम त्याच मालिकेतला नंतरचा. कैदी म्हणून जहाजातून सेडा नीन नावाच्या दलदलीतल्या गावात उतरता, हातात एक पाकीट देतात, बाल्मोरात केयस कोसाडेसला नेऊन दे म्हणतात आणि विषय संपला. कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही, नकाशावर ठिपका नाही. कोसाडेस निघतो उघडाबंब म्हातारा, तो वर २०० नाणी हातावर टेकवून सांगतो की आधी जा कुठेतरी चार कामं कर, हात बसू दे, मग ये. जगाला वाचवणाऱ्या हिरोला असं वाटेला लावणारा दुसरा गेम दाखवा!

पुढे आर्कनथँडच्या अवशेषांतून एक छोटी पेटी आणायची असते. पत्ता म्हणजे गावाकडे सांगतात तसा, किल्ल्याजवळून पुढे जा, जुना पूल लागेल तो ओलांड, दार उघडत नसेल तर पाईपवरची कळ फिरव. मग आपण खरंच रस्ता बघत चालतो, पूल बघतो, डोंगर बघतो. स्कायरिममध्ये मी शेकडो तास बाण बघत फिरलोय, एक रस्ता आठवत असेल तर शपथ.

उगाच_खडूस
हे सगळं नॉस्टॅल्जिया आहे, कॉलेजात काय खेळलात ते आयुष्यभर भारीच वाटणार. मी मागच्या वर्षी पहिल्यांदा लावला. समोर साधा खेकडा, मी सुरी मारतोय, सुरी त्याच्या अंगातून आरपार जाताना दिसतेय आणि लागत नाहीये!! कारण वार लागला की नाही ते गेम आतल्या आत फासे टाकून ठरवतो. आणि ते जर्नल, म्हणजे गेममधली आपली नोंदवही, सगळ्या क्वेस्ट (कामगिऱ्या) एकाखाली एक तारखेनुसार, आठवड्यापूर्वी कोण काय म्हणालं ते शोधायचं तर पानं उलटत बसा. ट्रिब्युनल एक्स्पान्शनमध्ये (गेमला नंतर जोडलेला भाग) क्वेस्टप्रमाणे लावायची सोय दिली, म्हणजे त्यांनाही कळलं होतं ना.

रात्रपाळी
@खडूस जर्नलचं मान्य, ते वैतागच होतं. पण सुरीचं नाही. तुम्ही पळत पळत गेला असणार, पळून फटीग (दम) संपतं, फटीग संपलं की नेम लागायची शक्यता घसरते, त्यात शॉर्ट ब्लेड (सुरी-खंजीर चालवणं) हे तुमचं मुख्य स्किल नसेल तर लागणारच नाही. दमलेल्या नवख्याचा वार चुकतो यात काय चूक आहे?

उगाच_खडूस
चूक ही की गेम हे कुठे धड सांगत नाही.

चिवडाप्रेमी
मला मोरोविंड आवडतो तरी रात्रपाळींशी असहमत. बाण नसणं एवढंच ग्रेट असेल तर एल्डन रिंग या दुसऱ्या गेममध्ये पण क्वेस्टचे बाण नाहीत, जर्नल तर औषधालाही नाही, आणि लढाई दहापट चांगली. मोरोविंडची माणसं चोवीस तास एकाच जागी खांबासारखी उभी, ना झोपतात ना जेवतात, आणि एखाद्या विषयावर विचारलं की अख्खं गाव शब्दन् शब्द तेच उत्तर देतं. याला जिवंत जग म्हणायचं का?

मला तो आवडतो कारण तो नियम मोडू देतो. काल्डेराजवळ रस्त्यात पेमनी भेटते, तिला सोबत करून पोचवलं की बूट देते, घातले की तुफान स्पीड पण त्यांच्या जादूने डोळ्यापुढे अंधार. आता ब्रेटन वंशाचे असाल तर जादूला अर्धा विरोध जन्मजात, उरलेला अर्धा एक सेकंदाच्या स्पेलने भरून काढायचा, त्याच सेकंदात बूट चढवायचे, अंधार गायब आणि स्पीड कायम. असं आपल्याला सुचलं की जे वाटतं ना!

रात्रपाळी
@चिवडाप्रेमी माणसं खांब आहेत हे खरंय. पण त्या खांबांना मारता येतं हो. मुख्य कथेतला माणूस मारलात तर मेसेज येतो की भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह लावा नाहीतर या बुडालेल्या जगात राहा. आणि गेम खरंच राहू देतो! स्कायरिमचे महत्त्वाचे लोक गुडघ्यावर बसतात आणि थोड्या वेळाने कपडे झटकून उठतात. एल्डन रिंग उत्तमच आहे, पण तिथे ग्रेस नावाच्या विसाव्याच्या जागांचे सोनेरी किरण दिशा दाखवतात हे सोयीस्कर विसरलात.

चिवडाप्रेमी
किरण बॉसकडे (मोठ्या शत्रूकडे) नेतात, क्वेस्टकडे नाही. फरक आहे.

पहिल्यांदाच_लिहितोय
वाचून खेळावंसं वाटतंय, नवीन पीसीवर चालेल का?

रात्रपाळी
मूळ गेम विकत घ्या आणि ओपनएमडब्ल्यू टाका, ते नवीन इंजिन फुकट आहे पण त्याला मूळ गेमच्या फाइल्स लागतात. सुरुवातीला भालाबिला नको, लाँग ब्लेड मुख्य स्किल घ्या, आणि लढायच्या आधी चालत जा.

उगाच_खडूस
आणि क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी घालवणारा मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल) आधी टाका. आभाळातून येतात, येतच राहतात. पहिल्या मिनिटाला जहाजात आपल्याला उठवणारा जियब आठवतोय? पुढच्या गेम्समध्ये तो संत झालाय, कारण त्याने क्लिफ रेसर हाकलले. बेथेस्डानेच कबुली दिलीये, मी वेगळं काय बोलू.

रात्रपाळी
एवढं माहितीये म्हणजे पूर्ण खेळलात की हो.

उगाच_खडूस
विकी वाचलं. खेकड्याच्या पुढे गेलोच नाही.