परवान्यावरचं रिव्हॉल्व्हर-पिस्तूल घेताना भाव कसा ठरला? अनुभव लिहा

परवाना मिळेपर्यंतची दगदग सगळ्यांना माहीत आहे, ती इथे नको. दुकानाची पायरी चढल्यानंतरचं लिहा. विक्रेत्याने किती सांगितले, तुम्ही किती दिले आणि कशाच्या जोरावर? नवं, जुनं, इथलं, परदेशातलं, सगळं चालेल. दुकानांची नावं घेऊ नका. गावठी, बेकायदा कट्ट्यांच्या गप्पाही इथे नकोत.

सुरुवात मी करतो. कानपूरच्या कारखान्याचं .३२ बोअरचं नवं रिव्हॉल्व्हर घेतलं. नव्या मालात घासाघिशीला जागा फारशी नसतेच. पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे मूळ किमतीच्या दर लाखामागे बारा हजार जास्त. "शेठ, काहीतरी कमी करा की," म्हटलं, तर उत्तर आलं, "साहेब, दर कानपूरचा, कर दिल्लीचा. माझं काय आहे यात?" वाक्य पाठ केलेलं होतं, पण खोटं नव्हतं. फक्त अंदाजपत्रकात खाली 'वाहतूक व इतर' अशी एक ओळ होती. इतर म्हणजे काय ते लिहून मागितलं. शेठ हसले, ती ओळ खोडली आणि चामड्याचं म्यानही त्यातच दिलं.

—

यवतमाळकडचा शेतकरी

नव्याचं सोडा भाऊ, खरा सौदा जुन्यात. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनं एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं राहिली. तिसरं वर्षभरात जमा करायचं होतं. त्यामुळे २०२० मध्ये विकणारे घाईत आणि घेणारे निवांत. आमच्या ओळखीतल्या एका काकांना त्यांचं .३२ काढायचं होतं. दुकानदार त्यांना पडेल भाव सांगत होता आणि तसलंच हत्यार मला मात्र ऐंशी हजाराला दाखवत होता. मग मी सरळ काकांशीच बोललो. दोघंही परवानाधारक असले तर असा व्यवहार होतो. विकणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवायचं, त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. हे ४५ दिवस लई कामाचे. तेवढ्यात हत्यार नीट पाहून होते.

पाहायचं कसं? आधी बिजागरीशी उघडून रिकामं आहे याची खात्री. मग नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं आणि पुढून डोळा लावायचा. नखावरचा उजेड आत फिरतो. नळीतले आटे धारदार दिसले तर ठीक, बारीक खड्डे दिसले तर गंज खाऊन गेला. काकांच्या नळीत पुढच्या टोकाला खड्डे होते. बिजागरीचा खटका लावूनही सांधा किंचित हलत होता. घोडा मागे ओढून सिलिंडर हलवून पाहिलं, ते मात्र घट्ट. मी काहीच बोललो नाही, फक्त ते उघडं हत्यार त्यांच्या हातात दिलं. त्यांनीच पाहिलं आणि म्हणाले, "पोरा, साठ दे." नंबर परवान्यावरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर ताडून मगच पैसे दिले, तेही बँकेतून.

—

कोल्हापूर, सराफी

विलायतीच्या नादाला लागणाऱ्यांसाठी. हँडगनची आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली. त्याआधी आलेल्या वेब्ली-स्कॉटला जो भाव सांगतात, तो दुर्मीळपणाचा आणि मिरवण्याचा. मला काही लाख सांगितले. "स्प्रिंग तुटली तर?" विचारलं, तर "कारागीर आहे आपल्याकडं, काळजी करू नका." कारागीर कोण ते सांगेनात. उठलो. आता त्याच नावाची रिव्हॉल्व्हरं उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे बनतात. जुनं म्हणून नवं गळ्यात पडू नये, एवढं पाहा. नळीवर काय कोरलंय ते भिंगातून वाचा. आम्ही हॉलमार्क वाचतो तसंच.

—

डॅलसजवळ, टेक्सस

इकडे ग्रीन कार्ड आल्यावर घेतलं. एच-१बी वाल्यांना साधारणपणे मनाई आहे (शिकारीच्या परवान्याचा अपवाद सोडून), त्यामुळे मित्राच्या भरवशावर दुकानात जाऊ नका. आणि दुसऱ्यासाठी आपल्या नावावर घेणं तर थेट तुरुंग. वय २१ पूर्ण, ४४७३ नंबरचा फॉर्म, पार्श्वभूमीची तपासणी.

नव्या ग्लॉक पिस्तुलावर दुकानाला सुटतं फार थोडं. आकड्यावर ताणलं की काउंटरवरचा माणूस चक्क दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मी "सगळं धरून हातात किती पडेल?" एवढंच विचारलं. सव्वाआठ टक्के विक्रीकर धरूनच तुलना करावी लागते. रोख देतो म्हटल्यावर कार्डाचे तीन टक्के सुटले, वर एक जादा मॅगझिन आणि रेंजचे दोन पास पदरात पडले. खरी सूट हवी असेल तर पोलिसांनी नव्याच्या बदल्यात दुकानाला दिलेली .४० बोअरची जुनी ग्लॉक बघा. वरून घासलेली, आतून बहुधा चांगली. ऑनलाइन स्वस्त दिसलं तरी ते इथल्या परवानाधारक दुकानातूनच हातात येतं आणि ते हस्तांतराचे वेगळे पैसे लावतात. ते आधी विचारा.

—

पुणे

निर्भीक, म्हणजे बायकांसाठी म्हणून काढलेलं कानपूरचंच हलकं रिव्हॉल्व्हर, २०१४ मध्ये आलं तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, वजन अर्ध्या किलोच्या घरात. मी पुढे काही वर्षांनी घेतलं. परवाना माझा, पैसे माझे आणि दुकानदार भाव सांगतोय माझ्या नवऱ्याला! "दादा, वहिनींना हलकं पडेल हे." नवरा बिचारा म्हणाला, "मला नका विचारू, मी गाडी चालवायला आलोय." मग दादांनी माझ्याकडे बघितलं. रिव्हॉल्व्हरच्या किमतीत काही कमी झालं नाही. काडतुसांवर मात्र मी अडून बसले. डब्यावर केएफ, म्हणजे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचीच. आणि भाव असा सांगत होते जणू सातासमुद्रापलीकडून आली. पावतीवर प्रत्येक काडतुसाचा दर लिहा म्हटल्यावर तो दर खाली आला.

"बिल नको असेल तर बघू" असंही एकाने आधी सुचवलं होतं. त्या दुकानातून तशीच बाहेर पडले. बिलाशिवाय परवान्यावर नोंद कशी होणार?

—

यवतमाळकडचा शेतकरी

ताई, दुसऱ्या वेळी आणखी एक मागून पाहा. आचारसंहितेत हत्यार जमा करायला सांगतात. ठाण्यात ठेवायचं नसेल तर परवानगी असलेला विक्रेता ठेवून घेतो, पण भाडं लावतो. खरेदीच्या वेळीच त्याच्याकडून पहिली निवडणूक फुकट लिहून घ्यायची. आमचा वाला लगेच हो म्हणाला, मग जिल्हा परिषद धरायची की विधानसभा यावर अर्धा तास वाद घातला.