गेरू आणि काव : एक माती की दोन?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

दिवाळीत उंबऱ्यापुढची फरशी तांबडी करून तिच्यावर रांगोळी काढण्याची आमच्या घरची पद्धत आहे. यंदा जांभळी नाक्यावरच्या एका दुकानात मी ‘काव’ मागितली, तेव्हा दुकानदाराने ‘गेरू म्हणा ना’ असे म्हणत पुडी हातात ठेवली. सासूबाई सिंधुदुर्गातल्या, त्यांच्या मते गेरू म्हणजे खडा आणि काव म्हणजे भिंतीला द्यायचा रंग. हा भेद भाषेत खरोखरच आहे का? आणि पिवडीला ‘पिवळा गेरू’ म्हटलेले चालेल का?

उत्तर (ऐरोली, नवी मुंबई)

पदार्थ म्हणून दोन्ही एकच, म्हणजे लोहयुक्त तांबडी माती. ‘गेरू’ हा संस्कृत ‘गैरिक’वरून आला आणि गैरिक म्हणजे गिरीवरचे, डोंगरातून खणून काढलेले, त्यामुळे या शब्दात खनिजाची आठवण टिकून आहे. आपण ‘गेरूचा खडा’ सहज म्हणतो, ‘कावेचा खडा’ मात्र माझ्या तरी कानाला खटकतो, उलट ‘भिंतीला काव दिली’ हे अगदी घरचे वाटते. कोकण-गोव्यातल्या देवळांमधील ‘कावी’ चित्रेही याच शब्दावरून ओळखली जातात : पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा थर चढवायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने नेमका तेवढा खरवडायचा, की खालचा पांढरा रंग आकृती होऊन वर येतो. तेव्हा सासूबाईंचा भेद कोशातला नसला तरी वापरातला आहे, आणि मी त्यांच्याच बाजूने आहे. अपवाद ‘सोनकाव’चा, वैद्यांचे सुवर्णगैरिक ते हेच, आणि तिथे भिंतीचा काहीच संबंध नाही.

पिवडीचा प्रश्न अधिक गमतीचा आहे. पिवळ्या मातीला रंग येतो तोही लोहामुळेच, फक्त त्या लोहसंयुगात पाणी बांधलेले असते. साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की ते पाणी निघून जाते आणि तीच माती तांबडी होते. म्हणून रसायनाच्या दृष्टीने ‘पिवळा गेरू’ चूक नाही. परंतु मराठीत ‘गेरू’ हे पदार्थाइतकेच रंगाचेही नाव झाले असल्याने हा प्रयोग ‘पांढरा कोळसा’ म्हटल्यासारखा वाटतो. अजिंठ्याच्या चित्रांत तांबड्या-पिवळ्या मातीच्या जोडीला हिरवी मातीही वापरलेली आहे. तिला ‘हिरवी माती’ एवढेच म्हणतात आणि कोणाचे काही अडत नाही.

पुरवणी (वाशी)

याच रांगेत हरताळही येईल, मात्र ती माती नसून सोमलाचे पिवळेजर्द, विषारी खनिज आहे. पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावून ते झाकत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ रूढ झाले. दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ वेगळा; तो ‘हट्ट’ म्हणजे बाजार आणि ‘ताळ’ म्हणजे कुलूप यांतून आला आहे.

प्रश्नकर्ती पुन्हा

उत्तरांबद्दल आभारी आहे. माती पाण्यात विरघळत नाही, ती तळाशी बसते, हे सासूबाईंनी सांगितल्यावरून पुडीतली चमचाभर पूड पेल्यात कालवून रात्रभर ठेवली. सकाळी तळाशी पांढुरका गाळ होता आणि वरचे पाणी नितळ होण्याऐवजी गर्द गुलाबी होते. दुकानदाराने दिले ते गेरूही नव्हते आणि कावही नव्हती.