लहान क्लबमध्ये शिडाच्या नौकांचे पद्धतशीर प्रशिक्षण सुरू करायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

आमच्या क्लबमध्ये साठ-सत्तर सदस्य, मुलांसाठी आठ ऑप्टिमिस्ट (एका मुलाने चालवायच्या छोट्या नौका), चार लेझर (एकट्याने चालवायच्या, थोड्या मोठ्या; २०१९ पासून या नौकांना अधिकृतपणे आयएलसीए म्हणतात, पण आमच्याकडे जुनेच नाव चालते) आणि मदतीसाठी इंजिनाची एक रबरी बोट आहे. आजवर शिकणे म्हणजे एखाद्या जाणत्या सदस्याच्या मागे लागून जे कळेल ते पदरात पाडून घेणे. मुले अशा रीतीने नौका चालवू लागतात, मात्र शर्यतीत सतत शेवटच्या रांगेत राहतात आणि दोन हंगामांत येईनाशी होतात. समितीने प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. बाहेरून पगारी प्रशिक्षक आणावा, की आमच्यातले जे दोन-तीन चांगले शर्यतपटू आहेत त्यांच्याकडेच मुले सोपवावीत, यावर समितीत दोन तट पडले आहेत. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष उभे केले आहे त्यांचा अनुभव समजला तर मदत होईल.

पहिले उत्तर

प्रशिक्षक कोण, हा दुसरा प्रश्न झाला. मदतबोटी किती आणि त्या चालवू शकणारी माणसे किती, हा पहिला. आपल्याकडे बोट एकच आहे, तेव्हा एका वेळी सहापेक्षा अधिक नौका पाण्यात उतरवू नयेत असे मी ठामपणे म्हणेन, कारण वाऱ्याचा एक जोरदार झोत आला की नौका एकेक करून नव्हे, तिघी-चौघी एकदमच उलटतात आणि तेव्हा बोट एकाच मुलापाशी पोहोचू शकते. बोट चालवणाऱ्याने इंजिन बंद पाडणारी सुरक्षादोरी पायाला अडकवलेलीच असली पाहिजे आणि पाण्यातल्या मुलाला हात देण्यापूर्वी इंजिन बंद केलेच पाहिजे; या दोन बाबतींत वयाने किंवा अनुभवाने मोठ्या सदस्यांनाही सवलत देऊ नये. (ती मागण्यात मोठेच पुढे असतात.)

नौका उलटवून सरळ करणे हा पहिल्या दिवसाचा धडा असावा, आणि तो किनाऱ्याजवळ, हलक्या वाऱ्यात घ्यावा. लेझर सरळ केली की तिच्यातले पाणी बरेचसे आपोआप निघून जाते. ऑप्टिमिस्टचे तसे नाही: हवेच्या पिशव्यांमुळे ती तरंगत राहते, पण सरळ झाल्यावर काठोकाठ भरलेली असते आणि मुलाला बसून पाणी उपसावे लागते. उपसायचा डबा दोरीने बांधलेला नसेल तर तो नौका उलटताक्षणीच वाहून जातो आणि मूल भरलेल्या टबात हताश बसून राहते. पाण्यात तरंगत ठेवणाऱ्या जॅकेटांबद्दलही एक सांगतो. ५० न्यूटनचे (न्यूटन हे तरंगत ठेवण्याच्या जोराचे माप) जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असतानाच पुरेसे असते, ते शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणे करील याची खात्री नसते.

दुसरे उत्तर

वरील मताशी सहमत आहे, म्हणून मी शिकवण्यापुरतेच लिहितो. उत्तम शर्यतपटू उत्तम शिक्षक असतोच असे नाही, कारण तो जे करतो ते त्याच्या हातांना ठाऊक असते, शब्दांत त्याला ते मांडता येत नाही. आमच्याकडचे एक अनुभवी सदस्य बोटीतून सारखे “डावीकडे, डावीकडे!” असे ओरडत आणि समोरची मुलगी सुकाणूचा दांडा डावीकडे ढकली, नौकेचे नाक अर्थातच उजवीकडे वळे आणि दोघेही चिडत. शेवटी आम्ही डावे-उजवे हे शब्दच बंद केले. “दांडा शिडाकडे” म्हटले की नाक वाऱ्याकडे वळते, “शिडापासून दूर” म्हटले की वाऱ्यापासून वळते, आणि शीड कोणत्याही बाजूला असले तरी ही सूचना चुकत नाही.

एका सत्रात एकच गोष्ट घ्यावी. शर्यतीची सुरुवात घेतली तर दीड तास सुरुवातच. खऱ्या शर्यतीत सुरुवातीला पाच, चार, एक आणि शून्य मिनिटे उरली असताना खुणा देण्याचा क्रम असतो. सरावात तो तीन मिनिटांवर आणून, सुरुवातीची रेषा मुद्दाम आखूड ठेवून, दहा वेळा सुरुवात करून घ्यावी आणि प्रत्येक वेळी पहिल्या बोयपर्यंत (वळणाच्या तरंगत्या खुणेपर्यंत) न नेता शंभर-दीडशे मीटरांवरून परत बोलवावे. एका लांब शर्यतीत मुलाला सुरुवात एकदाच मिळते, इथे दहा मिळतात. वाटेच्या हक्काचे नियम मात्र किनाऱ्यावर, वाळूत काड्या मांडून शिकवावेत. उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या नौकेला डाव्या बाजूने वारा घेणारीने वाट द्यायची, एवढा शर्यतीच्या नियमावलीतला दहावा नियम पक्का झाला तरी निम्म्या धडका टळतात.

प्रशिक्षकाने गप्प राहण्याचाही सराव करावा. शर्यत सुरू असताना बाहेरून मदत घेण्यास नियम ४१ मनाई करतो, तेव्हा दर सूचनेसाठी बोटीकडे मान वळवणारे मूल प्रत्यक्ष शर्यतीत अडखळतेच.

तिसरे उत्तर

दोन तटांपैकी एकाची निवड करण्याची गरज मला वाटत नाही. बाहेरच्या प्रशिक्षकाला हंगामभर ठेवल्यास तो गेल्यावर क्लबकडे काहीच उरत नाही, असे आमच्याकडे एकदा झाले. पुढच्या हंगामात आम्ही त्याला फक्त दोन शनिवार-रविवार बोलावले, तेही मुलांना नव्हे तर शिकवू इच्छिणाऱ्या पाच सदस्यांना शिकवण्यासाठी. त्या पाचांतील दोघेच टिकले, पण ते अजून शिकवत आहेत. पालकांना केवळ काठावर बसवू नका, त्यांतील काहींना मदतबोट चालवायला शिकवा. मनुष्यबळाची चणचण तिथेच सुटते. शिवाय कोणताही प्रौढ एकट्या मुलासोबत पाण्यावर जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून लेखी ठेवा, म्हणजे पुढे तो लागू करताना कोणावर संशय घेतल्यासारखे होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. समितीपुढे सहा मुले, दहा आठवडे आणि दर आठवड्याला एक सत्र असा प्रस्ताव ठेवतो आहे. बाहेरचा प्रशिक्षक दोनदा, सदस्यांसाठी. पहिले उत्तर वाचून काल संध्याकाळी आठही ऑप्टिमिस्ट तपासल्या. तिघींत डबाच नव्हता, आणि दोघींत होता तो बांधलेला नव्हता. दोरी आणली आहे, पहिल्या सत्राआधी ते काम पुरे करतो.