म्युनिकला जातोय: मुलीला कुठल्या शाळेत घालावं?

सहकारनगर:
नवऱ्याची म्युनिकला बदली झालीये, ऑगस्टमध्ये निघतोय. मुलगी नऊ वर्षांची, नुकतीच चौथीत गेलीये. मुलगा ऑक्टोबरात सहाचा होईल. मुक्काम तीन वर्षांचा, कदाचित जास्त. शाळेची फी कंपनी देणार नाही. मुलीला जर्मन अजिबात येत नाही, त्याचीच धास्ती वाटते. ऑनलाइन भारतीय शाळा चालू ठेवली तर?

परतीचा_प्रवासी:
तीन वर्षांनी नक्की परतणार असाल तर इंटरनॅशनलच बघा. पण एका मुलाची वर्षाची फी २०,००० युरोच्या पुढे जाते.

इसारकाठ:
ऑनलाइनचा विचार सोडा. इथे प्रत्यक्ष शाळेत जाणं कायद्याने सक्तीचं आहे. सरकारी शाळेला फी नाही, पण प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. म्हणून घर बघतानाच तिथली शाळा कोणती, नव्या मुलांसाठी डॉइचक्लासं (जर्मन शिकवणारा खास वर्ग) आहे का, दुपारी मुलं सांभाळतात का, हे विचारून घ्या. लहान वर्ग बाराच्या आगेमागे सुटतात. दोघं नोकरी करणार असाल तर खरी ओढाताण तिथेच होते.

मुलीला मात्र चौथीत घालू नका, तिसरीत घ्या म्हणून शाळेला आग्रहाने विनंती करा. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या मे महिन्यात पुढे कोणत्या शाळेत जाता येईल याचा दाखला मिळतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल (१ म्हणजे सर्वोत्तम) तर थेट गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा. पहिलीपासून इथे न शिकलेल्या परभाषक मुलांना, जर्मन कच्चं असल्यामुळेच गुण कमी पडले असतील तर, ३.३३ पर्यंत सवलत मिळू शकते. तरी आठ महिन्यांत एवढं ओझं लेकरावर नको.

आमची तिसरीत आली. वर्गात गप्प बसायची, गणितात मात्र पुढे. गुणाकाराला फुली काढायची. इथे मधे नुसता टिंब देतात, भागाकाराला दोन टिंबं. बाईंनी वहीत हिरव्या शाईने दाखवलं, गुण कापले नाहीत. त्या दिवसापासून ती हात वर करायला लागली.

सहकारनगर:
वर्ष वाया जाईल असं सासूबाई म्हणतात. आणि मुलाचं काय?

इसारकाठ:
वाया नाही जात हो, त्या वर्षात भाषा पक्की होते. मुलाला ३० सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण होत नाहीत, म्हणजे यंदा शाळा सक्तीची नाही. त्याला किंडरगार्टनलाच घाला. जागा मिळायला वेळ लागतो, पत्ता पक्का झाला की लगेच अर्ज करा.