घर-शेत ट्रस्टच्या नावावर गेलं, सुताचे पैसे कसे वसूल करू?

सूतवाला, सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराकडे दोन वर्षांपूर्वीच्या सुताचे ११ लाख ४० हजार अडकलेत. वडिलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. गड्ड्याची जत्रा होऊ दे, देतो म्हणाला. जत्रा झाली आणि फेब्रुवारीत त्यानं घर अन् शेत बायकामुलांच्या ट्रस्टला लावलं. ट्रस्टी तोच, घराचं भाडंही तोच घेतो. हमालांची मजुरी मी पदरची दिलीय. झोप लागत नाही.

दिवाणी वकील:
पैसे बुडाले असं समजू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५३ बघा. धनकोंना, म्हणजे तुमच्यासारख्या पैसे येणं असलेल्यांना, चुकवायच्या किंवा लटकवायच्या इराद्यानं केलेलं हस्तांतरण धनको रद्द करून घेऊ शकतो. मात्र ते आपोआप रद्द होत नाही. दावा लावावा लागतो, तोही सगळ्या धनकोंच्या वतीनं. इरादा तुम्हालाच सिद्ध करायचाय. उधारी आधीची, ट्रस्ट नंतरचा, मोबदला शून्य, ताबा त्याचाच: हे सगळं तुमच्या बाजूचं आहे. ट्रस्ट उधारीच्या कितीतरी आधीचा असता तर फार अवघड होतं.

चाटी गल्ली:
दुय्यम निबंधकाकडून दस्ताची नक्कल आजच काढा. स्थावराचा असा ट्रस्ट नोंदणीकृतच लागतो, तारीख तिथं सापडेल.

दिवाणी वकील:
बरोबर. आणि वसुलीची मुदत तीन वर्षं, माल दिल्यापासून. उरलंय ते वर्ष गप्पांत घालवू नका.

सूतवाला, सोलापूर:
माल पोचवल्याची चलनं सह्यांसकट जपलीत. सोमवारी नक्कल काढतो.