मदत हवी आहे: हरणाच्या केसांचा बेडूक बांधतोय, केस फुलतच नाहीत

तळ्याकाठी
नमस्कार. तीन रात्री जागून झाल्या, आता कुणीतरी सांगाच. लार्जमाउथ बास या माशासाठी हरणाच्या केसांचा बेडूक बांधतोय, म्हणजे गळावर केसांचे झुपके बांधून, कातरून केलेलं खोटं आमिष. व्हिडिओतला माणूस झुपका गळावर ठेवतो, दोऱ्याचे दोन सैल वेढे देतो, ओढतो आणि केस चहूबाजूंनी ताठ उभे राहतात. माझे केस गळाच्या दांडीवर आडवेच पडून राहतात. जोर लावला की दोरा तुटतो. शनिवारी लेकीला घेऊन तळ्यावर जायचंय, पहिला मासा घरच्या बेडकावर धरू असं तिला कबूल केलंय. काय चुकतंय?

नेढं
दोरा कोणता? गळ किती नंबरचा? झुपका केवढा घेताय? केसांमधली बारीक लव विंचरून काढली का? फोटो असेल तर टाका.

जुना_गळ
दोराच. बाकी काही शोधू नका. मी मिशिगनमध्ये वीस वर्षं बांधतोय, सुरुवातीला माझंही हेच झालं होतं. 200 डेनियर जाडीचा जेल-स्पन, म्हणजे फार मजबूत कृत्रिम धाग्याचा दोरा आणा, हाताने ओढून तुटत नाही. केस फुलतात ते दोऱ्याच्या दाबाने. दोरा तुटेल या भीतीने हात आखडला की संपलं.

मरळवेडा
आमच्याकडे सांगलीला मरळीसाठी बेडूकच लागतो, पण आम्ही जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून कापतो. वर हिरवा रंग, मागे रबराचे दोन पाय. पाण्यात भिजत नाही, दातांनी फाटला तर दुसरा कापायचा. केसांवर तीन रात्री कशाला घालवता?
जाता जाता सगळ्यांनाच सांगतो. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात. ती जोडी काढली की पिल्लं बाकीच्या माशांच्या तोंडी जातात.

तळ्याकाठी
मरळवेडा, पिल्लांचं लक्षात ठेवतो, पण चप्पल नको. केसांचाच बांधायचाय. केसांचा बेडूक पाण्यावर पडताना टप्प असा मऊ आवाज होतो, आणि मासा तोंडात धरून ठेवतो, लगेच थुंकत नाही.
नेढं, गळ 2 नंबरचा, रुंद तोंडाचा. दोरा 6/0, म्हणजे बारीकच. झुपका पेन्सिलीएवढा. लव विंचरायला होतीच कुठे? केस चांगले लांब, स्वच्छ आहेत.

जुना_गळ
6/0! म्हणालो ना. आणि दांडीवर आधी दोरा गुंडाळत असाल तर बंद करा. दांडी उघडी हवी, म्हणजे झुपका गोल फिरून सगळीकडे सारखा पसरतो.

पाठ_हिरवी_पोट_पांढरं
जुना_गळ, हे बेडकाला लागू नाही. बेडकाचं पोट पांढरं आणि पाठ हिरवी हवी. झुपका फिरला तर रंगांची खिचडी होते. पांढरा झुपका दांडीखाली धरायचा, हिरवा वर ठेवायचा, दोन्ही चिमटीत घट्ट पकडून दोरा ओढायचा. खाली दोऱ्याचा थर असला की केस जागचे हलत नाहीत.

जुना_गळ
मी उघड्या दांडीवरच दोन रंग बांधतो. चिमूट पक्की असली की फिरत नाही.

पाठ_हिरवी_पोट_पांढरं
तुमची चिमूट वीस वर्षांची आहे. ते पहिल्यांदा बांधतायत.

जुना_गळ
बरं, तेही खरं. मग पहिल्यांदा बेडूक नकोच. मडलर मिनो हा लहान माशासारखा दिसणारा गळ बांधा. डॉन गॅपेनने 1930 च्या दशकात ओंटारियोतल्या निपिगॉन नदीवर बांधलेला. केस फक्त डोक्यापुरते, एकच रंग, दोन झुपक्यांत काम होतं. बासही घेतो.

कोयनाकाठ
आजोळी भिंतीवर आजोबांच्या वेळचं सांबराचं कातडं आहे. त्याचे थोडे केस कापले तर चालतील का? मलाही हे करून बघायचंय.

नेढं
कोयनाकाठ, हात लावू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली असं कातडं बाळगायलाच मालकी प्रमाणपत्र लागतं. जुनं असलं तरी. घरच्यांकडे ते आहे का विचारा, नसेल तर वनखात्याशी बोला. बांधायला फोम घ्या.
तळ्याकाठी, "लव नव्हतीच" हे मला खटकलं. हरणाच्या अंगावरच्या केसांत लव असतेच. केस आणले कुठून?

तळ्याकाठी
शेजारी दरवर्षी हरणाच्या शिकारीला जातो, त्याने दिले. अगदी खरे व्हाइटटेलचे, म्हणजे इथल्या अमेरिकन हरणाचे.

नेढं
हो, पण हरणाचा कुठला भाग दिला?

तळ्याकाठी
शेपटी. वरून तपकिरी, खालून पांढरी. हरणाचे केस ते हरणाचे केस ना?

नेढं
इथेच अडलंय. अंगावरचा केस आतून पोकळ असतो, हवेने भरलेल्या बारीक कप्प्यांचा. दोरा आवळला की तिथे तो चेपतो आणि दोन्ही टोकं वर उसळतात. तीच हवा बेडकाला तरंगवते. शेपटीचा केस बराचसा भरीव. चेपत नाही, म्हणून उसळत नाही. अगदी बुडाकडचा थोडा फुलतो, पण त्याने बेडूक होणार नाही.
एक केस घ्या, मधोमध नखाने दाबा. शेपटीचा असेल तर तारेसारखा सरळ होतो. अंगावरचा असेल तर तिथेच चपटा होऊन मुडपतो.
पोटाचे केस मागवा. जाड आणि पांढरे असतात, रंगही छान घेतात. शेपटी टाकू नका, बेडकाचे मागचे पाय तिचेच करा.
आणि दोऱ्याबद्दल जुना_गळ बरोबर आहेत, तोही बदलाच.

मालवणी_तिरफळ
हो बास खायला कसो लागता? तिरफळां घालून तिखला होईत काय?

पाठ_हिरवी_पोट_पांढरं
होईल, मांस पांढरं आणि घट्ट असतं. पण मोठा बास सोडून द्यावा हे माझं मत.
तळ्याकाठी, कातरताना खालची बाजू आधी, ब्लेडने, दांडीच्या अगदी जवळून सपाट. तिथे केस राहिले तर गळाचं तोंड भरतं आणि मासा लागत नाही. पाठीसाठी अर्धं ब्लेड बोटांत किंचित वाकवा, गोलाई आपोआप येते. त्याआधी किटलीच्या वाफेवर धरा, दबलेले केस उभे राहतात.

तळ्याकाठी
शुक्रवार रात्र. नखाची परीक्षा केली, शेपटीचा केस तारेसारखा सरळ झाला. गावातल्या दुकानात पोटाचे केस मिळाले, फक्त पांढरे, आणि जेल-स्पन दोरा. विंचरल्यावर मूठभर लव निघाली. पहिलाच झुपका ओढला आणि केस अक्षरशः फट्कन उभे राहिले. लेक शेजारी बसली होती, तिनेच पुढचे तीन झुपके धरले. हिरवा रंग नाही, तेव्हा पाठीवर मार्करने ठिपके काढतेय.
नेढं, मनापासून आभार. एकच राहिलं: तळ्यात कमळाची पानं खूप आहेत. गळ पानांत अडकू नये म्हणून पुढे नायलॉनची कमान बांधतात ना, ती आता कातरून झाल्यावर बसवता येईल का?

जुना_गळ
नाही. तिचं मागचं टोक केसांच्या आधी बांधायचं असतं. उद्या पानांच्या कडेकडेने टाका. पहाटे बास तिथेच असतो.